सातबाऱ्यावरची न दिसणारी सही

सावनेर तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या शेतकऱ्याला पीक कर्ज काढायचे म्हटले की पूर्वी तलाठी कार्यालयाच्या चकरा ठरलेल्या असत. तलाठी जागेवर असले तर उताऱ्यावर सही, पंचनाम्याला गेलेले असले तर 'उद्या या'. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता १५ रुपये भरले की उतारा मोबाइलवर येतो. त्यावर शिक्का नाही, शाईची सही नाही, तरी बँक तो घेते आणि कायदाही तो मानतो.

पीडीएफ फाइलमधला आकडा बदलणे हे झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या कोणत्याही पोराला दोन मिनिटांचे काम आहे. ०.८१ हेक्टरचे १.८१ करायला फार अक्कल लागत नाही. मग बँकेने त्या कागदावर भरवसा ठेवावा तो कशाच्या जोरावर? याचे उत्तर ज्या विषयात आहे तो कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात बहुधा शेवटच्या वर्षी येतो: क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सिक्युरिटी. सावनेर, खापरखेडा, पाटणसावंगीकडची मुले एसटीने नागपूरला जाऊन तो शिकतात, पास होतात. घरी विचारले की 'मेसेज लपवण्याचे शास्त्र' म्हणून सांगतात. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. माझ्या मते या विषयाचा अवघड आणि आज जास्त गरजेचा भाग लपवण्याचा नाहीच. पलीकडे कोण बोलतो आहे आणि तो जे बोलला तेच आपल्यापर्यंत आले का, हे ओळखण्याचा आहे.

आधी लपवण्याकडे पाहू, कारण त्यातल्या मराठीतल्या एका मोठ्या प्रयोगाचे धागे आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात पोचतात. सावनेरहून काटोल, वरूड, मोर्शीच्या वाटेने गेले की रिद्धपूर लागते. महानुभाव पंथाचे हे क्षेत्र. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथे 'लीळाचरित्रा'त बांधल्या. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. पुढच्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला घेतले. सकळ लिपी त्यात सर्वांत प्रसिद्ध. रवळोबासांचे नाव तिच्याशी जोडले जाते. सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही लिप्या होत्या. तत्त्व सोपे: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा ठरवलेली खूण. पुस्तकात पहिल्या धड्यात जो 'सब्स्टिट्यूशन सायफर' येतो, तो हाच. आपल्या मुलांना तो रोमच्या सीझरच्या नावाने शिकवतात. रिद्धपूरचे नाव घेतले तर काय बिघडेल?

असा सायफर फुटतो कसा, हे नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने लिहून ठेवले आहे. खूण बदलली तरी वापराचे प्रमाण बदलत नाही. मराठीत काना, अनुस्वार, 'त', 'च' यांची गर्दी असते, 'ढ' किंवा 'झ' क्वचित. हजार अक्षरांचा मजकूर हाती आला की नुसत्या मोजणीने निम्मे काम होते. त्यात मजकूर कशाबद्दल आहे हे माहीत असेल तर आणखी सोपे. लीळाचरित्रात 'सर्वज्ञ' हा शब्द पानोपानी येतो, तेव्हा चार-पाच खुणांचा तोच तोच गट सारखा दिसू लागला की त्यावर हा शब्द बसवून पाहायचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कने जर्मनांच्या एनिग्मा यंत्राशी झगडताना हीच युक्ती वापरली. हवामानाच्या संदेशात कुठले ठरावीक शब्द येणारच, हे त्यांना ठाऊक होते. मराठी विद्यार्थ्याने एखाद्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घेऊन अक्षरे बदलावीत आणि मित्राला फोडायला द्यावा. एका दुपारचे काम आहे, पण त्यातून जे समजते ते आकृत्या पाठ करून समजत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे महानुभावांची सकळ लिपी पंथाबाहेरच्या अभ्यासकांना उलगडली आणि सगळे भांडार एकदम खुले झाले. एक तक्ता सापडला की हजारो पोथ्या वाचता आल्या, कारण गुपित सगळे पद्धतीत होते. ऑगस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये याच्या उलट नियम मांडला: पद्धत शत्रूच्या हाती पडलीच आहे असे धरून चाला, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, आणि ती बदलता यावी. आजही कोणी 'आमची पद्धत गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे' असे म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहावे.

या इतिहासाची दुसरी बाजू मला जास्त सलते. या शास्त्रात सुरक्षिततेचे तीन पाय सांगतात: गुप्तता, शाबूतपणा आणि उपलब्धता. महानुभावांनी पहिला पाय मजबूत केला, आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठी केला, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण मराठी वाचक आपल्या भाषेच्या आद्य गद्याला कित्येक शतके मुकला. कुलूप पक्के असले की माल सुरक्षित असतो, हे तेवढ्यापुरतेच खरे. रॅन्समवेअरवाला नेमके हेच करतो: माल चोरायची त्याला गरज नसते, तुमच्याच घरात तो मालाला स्वतःचे कुलूप लावतो.

याच्या नेमके उलट उदाहरण सावनेरकरांच्या जवळचे आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरात वारले. त्यांनी कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहिली, विनोद 'बाळकराम' नावाने. तिथे मजकूर उघडा, लिहिणारा पडद्याआड. मजकूर लपवणे आणि माणूस लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयात त्यांची गणितेही वेगळी आहेत.

आता एक प्रश्न. कधीच फुटणार नाही असा सायफर असतो का? असतो. क्लॉड शॅननने १९४९ मध्ये ते सिद्ध केले. एक चौकट काढा. आडव्या ओळी किल्ल्यांच्या, उभे स्तंभ मूळ अक्षरांचे, घरात सांकेतिक अक्षर. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच आले पाहिजे. अशा चौकटीला लॅटिन चौकट म्हणतात. किल्ली चिठ्ठ्या टाकून निवडली आणि एकदाच वापरली, तर सांकेतिक अक्षरावरून मूळ अक्षराचा सुगावा लागणे अशक्य, कारण प्रत्येक मूळ अक्षरापासून तिथे पोचणारी एकेक किल्ली असते. चोराकडे जगातले सगळे संगणक असले तरी उपयोग नाही.

लॅटिन चौकटींचे नाव निघाले की नागपूरकराने शरच्चंद्र श्रीखंडे यांची आठवण काढावी. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकलेले हे गणिती पुढे अमेरिकेत राजचंद्र बोस यांचे विद्यार्थी झाले. १० बाय १० च्या दोन लॅटिन चौकटी एकमेकींवर ठेवल्या तर प्रत्येक जोडी नेमकी एकदाच येईल अशी रचना होणे नाही, असा ऑयलरचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा अंदाज होता. बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी १९५९ मध्ये तो खोटा ठरवला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख होते. क्यूआर कोडचा एखादा कोपरा मळला तरी मोबाइल तो वाचतो, त्यामागच्या रीड-सॉलोमन कोडचे गणित या चौकटींच्या गणिताचे सख्खे नातलग आहे. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण त्या गणिताचा रोज उपयोग करतो.

न फुटणाऱ्या सायफरची अडचण एकच: किल्ली मजकुराएवढी लांब लागते आणि ती आधी पोचवावी लागते. सावनेरच्या मुलीला नागपूरच्या बँकेशी बोलायचे असेल तर आधी किल्ली द्यायला बसने जावे लागेल, आणि गेलीच तर कामही तिथेच उरकून येईल. ही कोंडी १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी फोडली. त्यांचे उत्तर या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे पान आहे. ते कागदावर करूनच बघावे.

दोन आकडे उघड जाहीर करा: २ आणि २९. मुलगी मनात एक आकडा धरते, समजा ५. ती २ चा पाचवा घात काढते, ३२. त्याला २९ ने भागले की बाकी ३. हा ३ ती सर्वांसमक्ष पाठवते. बँक मनात १२ धरते. २ चा बारावा घात ४०९६, २९ ने भागून बाकी ७. बँक ७ पाठवते. आता मुलगी आलेल्या ७ चा पाचवा घात काढते, १६८०७, बाकी १६. बँक आलेल्या ३ चा बारावा घात काढते, ५,३१,४४१, आणि बाकी पुन्हा १६. दोघांकडे १६ आला. तो तारेवरून गेलाच नाही. मध्ये कान लावून बसलेल्याला २, २९, ३ आणि ७ दिसले, पण ५ आणि १२ दिसले नाहीत. २९ सारख्या लहान आकड्याला तो एकेक करून शोधून काढेल. पण खऱ्या वापरात तिथे सहाशेहून जास्त अंकांची मूळ संख्या असते, आणि बाकीवरून घात शोधण्याची झटपट रीत आजच्या संगणकांसाठी अजून कोणाला सापडलेली नाही. या सगळ्या डोलाऱ्याचा पाया बाकी काढणे हा आहे, आणि बाकी काढायला मराठी शाळेतले गणित पुरते.

पण इथे थांबणारा विद्यार्थी फसतो. समजा मधला माणूस नुसता ऐकत नाही, बोलतोही. त्याने मनात ३ धरला, २ चा तिसरा घात ८ काढला, आणि दोघांचेही आकडे अडवून दोघांना ८ पाठवला. मुलगी ८ चा पाचवा घात काढते, बाकी येते २७. बँक ८ चा बारावा घात काढते, बाकी येते २४. मधल्याकडे दोन्ही किल्ल्या आहेत: ३ चा घन २७, आणि ७ चा घन ३४३, त्याची बाकी २४. आता मुलगी बँकेशी बोलते आहे असे समजून त्याच्याशी बोलते, बँकही मुलगी समजून त्याच्याशीच. प्रत्येक शब्द सांकेतिक, प्रत्येक गणित बरोबर, आणि तरीही सगळे उघडे. गणिताने गुप्तता दिली, ओळख दिली नाही.

हे कागदावरचे संकट नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला याच जातीचा होता. एटीएम यंत्र पैसे देण्याआधी 'देऊ का?' असे विचारते. तो प्रश्न स्विच नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो आणि उत्तर परत येते. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मध्ये आपला खोटा स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचेना; हा खोटा स्विचच 'द्या, द्या' असे सांगत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला बँकांना जोडणाऱ्या स्विफ्ट संदेश यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. यासाठी कोणाला बाकीवरून घात शोधावा लागला नाही. यंत्रांनी आज्ञा पाळली, फक्त आज्ञा करणारा कोण हे नीट विचारले गेले नाही. शेवटच्या वर्षाच्या वर्गात ही घटना एक पूर्ण तास घेऊन, फळ्यावर बाण काढून शिकवली पाहिजे.

ओळखीचे उत्तर म्हणजे डिजिटल सही. आधी फाइलचा हॅश काढतात. फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, शा-२५६ ही पद्धत तिचा २५६ बिटांचा ठसा देते, आणि ०.८१ मधला शून्य बदलला तरी ठसा पार बदलतो. मग तो ठसा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बांधतात. जोडीची सार्वजनिक किल्ली सगळ्यांना माहीत असते. तिने कोणीही सही तपासू शकतो, पण करू शकत नाही. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये दिलेली आरएसए ही यातली सर्वांत गाजलेली पद्धत. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण, यावर ती उभी आहे. एखादी संख्या मूळ आहे का, हे मात्र झपाट्याने ठरवता येते. तसे खात्रीने आणि प्रत्येक वेळी वेगाने ठरवण्याची रीत २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले होते.

सार्वजनिक किल्ली अमुक अधिकाऱ्याचीच कशावरून? त्यासाठी सरकारमान्य संस्था प्रमाणपत्र देते, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अशा सहीला हाताच्या सहीचा दर्जा देतो. म्हणून आकडा बदललेली उताऱ्याची फाइल पडताळणीत नापास होते. कागदावर छापलेल्या उताऱ्यासाठी त्यावरच्या १६ अंकी क्रमांकाने महाभूमी संकेतस्थळावर मूळ उतारा बघता येतो. कर्जासाठी आलेला प्रत्येक उतारा बँकेने तसा तपासलाच पाहिजे. छापील कागद नुसता डोळ्यांनी पाहून घेणारा कारकून या सगळ्या गणितावर पाणी फिरवतो.

अभ्यास कसा करावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. 'डीईएस आकृतीसह स्पष्ट करा' या प्रश्नाला दहा गुण मिळतात आणि मुलगा सोळा फेऱ्या पाठ करतो. पण १९७७ च्या या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती, १९९८ मध्ये एका खास यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधली, आणि २००१ मध्ये तिच्या जागी एईएस ही पद्धत आली, ही गोष्ट त्याला सांगता येत नाही. फेऱ्या विसरल्या तरी चालेल, ही गोष्ट विसरू नये. स्टॉलिंग्ज किंवा फोरोझन यांचे पुस्तक ग्रंथालयात असतेच. खरगपूर आयआयटीचे देबदीप मुखोपाध्याय यांची याच विषयाची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट आहेत. पुढे याच क्षेत्रात काम करायचे असेल तर सी-डॅकचा सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे.

प्रयोगशाळेला महागडी साधने लागत नाहीत. साध्या लॅपटॉपवर वायरशार्क हे फुकट सॉफ्टवेअर घाला. स्वतःच बनवलेल्या एका एचटीटीपी पानावर लॉगिन करा आणि पकडलेली पाकिटे उघडा: तुमचा पासवर्ड साध्या अक्षरांत समोर दिसेल. मग तेच पान एचटीटीपीएस करून बघा. आता मजकुराचा कचरा दिसेल, पण नीट पाहिले तर कोणत्या संकेतस्थळाकडे गेलात त्याचे नाव सुरुवातीच्या पाकिटात बहुधा उघडेच असते, आणि किती बाइट, किती वाजता, हेही. एचटीटीपीएसमागची टीएलएस ही पद्धत काय लपवते आणि काय लपवत नाही, हे एका संध्याकाळी डोळ्यांनी दिसते. मात्र हे फक्त स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वायफायवर करायचे. दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिक हेतूने परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिकण्यासाठी केले' या सबबीवर विसंबू नये.

आणि हा विषय घरापर्यंत आणावा. व्हॉट्सअॅपवर एखाद्या संपर्काच्या माहितीत एन्क्रिप्शनवर बोट ठेवले की ६० अंक दिसतात. आई आणि मुलगा समोरासमोर बसून ते जुळवून बघू शकतात. जुळले तर मध्ये कोणी ८ पाठवणारा नाही. ओटीपी विचारणारा, 'सीबीआयमधून बोलतोय' म्हणून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणारा, वीज तोडण्याचा मेसेज धाडणारा, हे सगळे तोच मधला माणूस आहेत. त्यांनी कोणताही सायफर फोडलेला नसतो, त्यांनी फक्त आपण कोण आहोत याबद्दल खोटे सांगितलेले असते. शिकलेल्या मुलाने घरच्यांना एवढे सांगावे: फोन ठेवा, बँकेच्या पासबुकावरच्या नंबरवर आपण स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

जे आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट आणखी. पीटर शोर याने १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर आरएसए आणि डिफी-हेलमन दोन्ही कोसळतील. तसा संगणक अजून झालेला नाही, पण आज साठवून ठेवलेले सांकेतिक संदेश तेव्हा उघडता येतील. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ ला नव्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली, फिप्स २०३, २०४ आणि २०५. बँका, दूरसंचार, सरकारी पोर्टल यांच्या सगळ्या यंत्रणा पुढच्या काही वर्षांत बदलाव्या लागणार आहेत, आणि ते काम आजच्या विद्यार्थ्यांच्याच हातून होणार आहे. ग्रंथालयातल्या जुन्या आवृत्त्यांत हे नाही. तिन्ही मानके निस्टच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्राध्यापकांनी शेवटचे दोन तास त्यांना द्यावेत, आणि नाही दिले तर विद्यार्थ्यांनी फिप्स २०३ उतरवून घेऊन स्वतः वाचायला बसावे.